काशिनाथप्पांच्या नावाचा विमा

वैजनाथनं विम्याचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसला.

"घ्या दाजी. झालं तुमचं समाधान. आता पास बनवा, उद्या सकाळी माणसं घेऊन येतो."

वैजनाथ म्हणजे माझ्या बायकोचा, महानंदाचा, धाकटा भाऊ. लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनच्या तेलाचा एक कारखाना होता, तिथे मी नोकरीला होतो. बाहेरून कामाला येणाऱ्या ठेकेदारांचे कागद तपासायचे आणि ते बरोबर असले तर त्यांच्या माणसांचे गेटपास करायचे, हे माझं काम. नवीन सोयाबीन बाजारात यायच्या आधी दरवर्षी कारखाना बंद ठेवून दुरुस्त्या व्हायच्या. त्या वर्षी मोठ्या गोदामाचं छप्पर बदलायचं होतं. जुने सिमेंटचे पत्रे ठिकठिकाणी तडकले होते. असल्या पत्र्यावर पाय चुकीच्या जागी पडला तर माणूस पत्र्यासकट खाली येतो, आणि खाली फरशी होती. म्हणून छपरावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा विमा ठेकेदारानं उतरवलेला पाहिजे, त्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असा नियम होता.

मी दाखला वाचायला घेतला. बरेच जण असा दाखला आला की शेवटची तारीख बघतात, शिक्का बघतात आणि फाईलला लावतात. सुरुवातीला मीही तेच करायचो. मग एकदा एका रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या बाबतीत असं झालं की तारीख चांगली लांबची होती, पण विमा जमिनीवरच्या कामाचा होता आणि त्याची माणसं धुराड्यावर दोरानं लोंबकळत होती. दुसऱ्या एकानं मोजक्या माणसांचा विमा काढला आणि टेम्पो भरून माणसं आणली. आणखी एकाचा हप्त्याचा चेकच वटला नव्हता. पॉलिसी कधीच रद्द झालेली, दाखला मात्र त्याच्या खिशात. या कुठल्याही वेळी कुणाला काही झालं नाही, ते आमचं नशीब. तेव्हापासून मी असा कागद पहिल्या ओळीपासून वाचायचो आणि शेवटी विमा कंपनीला फोन करून खात्री करायचो.

वैजनाथ पाय हलवत बसला होता.

"एवढं निरखून आमच्या बाबांनी तुमचं स्थळ बघितलं असतं ना दाजी, तर अक्का आज दुसऱ्या घरी असती."

"मग तुझ्या कागदाला एवढा वेळ कुणी दिला असता?" मी म्हणालो.

काम छपराचं, उंचीवरचं लिहिलं होतं. माणसं जेवढी येणार तेवढीच होती. जागा आमच्याच कारखान्याची होती. तारीख चालू होती. विमा कुणी घेतला त्या ओळीवर माझी नजर थांबली. काशिनाथप्पा शिवलिंगप्पा उटगे.

काशिनाथप्पा माझे सासरे. फाल्गुनात ते वारले होते; आम्ही लिंगायत लोक लिंगैक्य झाले म्हणतो. आमच्यात मृताला बसवून नेतात, त्या डोलीला पुढच्या बाजूनं माझा खांदा होता. आणि हा विमा काढलेला होता श्रावणात.

"वैजू, हा मामांच्या नावानं काढलास?"

"दुकान त्यांच्याच नावावर आहे. मग कुणाच्या नावानं काढू?"

"मामा गेले."

"ते मला सांगू लागलात होय?" तो हसत म्हणाला, पण पाय हलवायचा थांबला. "तुमच्या कारखान्यानं कामाची ऑर्डर त्यांच्या नावानं काढली. बिलं त्यांच्या नावानं निघतात. एजंटानं मागच्या वर्षीचा कागद बघितला आणि तसाच नवा काढून दिला. त्यानं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही."

"आणि सही?"

"दुकानाच्या वतीनं मी केली. बाबा असताना पण मीच करत होतो."

ते खरं होतं. शेवटची काही वर्षं काशिनाथप्पा औशाच्या दुकानात नुसते बसून असायचे. पत्र्याची आणि शेडची कामं वैजनाथच बघायचा. पण दुकान एकट्या काशिनाथप्पांचं होतं, त्यात दुसरं कुणी भागीदार नव्हतं. ते गेल्यावर पाटी बदलायला पाहिजे होती. ती बदलली नव्हती, कारण सासूबाईंनी घरात सांगून ठेवलं होतं की वर्षाचं होईपर्यंत त्यांचं काही हलवायचं नाही. त्यांचा पलंग होता तिथेच होता. काठी दाराशी होती. रोज सकाळी त्यांच्या नावाचा चहा आधी बाजूला काढून मग बाकीच्यांना मिळायचा. दुकानाची पाटी, बिलबुक, बँकेचं खातं, सगळं त्यांच्याच नावानं चालू होतं. वर्ष झालं की जंगमांना, म्हणजे आमच्या स्वामींना, जेवू घालायचं आणि मग काय बदलायचं ते बदलायचं, असं ठरलं होतं. आमच्याकडे पुष्कळ घरांत असंच करतात. मलाही तोवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी फोन उचलला.

"काय सांगणार तिकडं?" वैजनाथनं विचारलं.

"सांगत नाही. विचारतो."

विमा कंपनीत जेवळीकर बाई होत्या. त्यांच्याशी माझं नेहमी बोलणं व्हायचं. मी नाव न घेता विचारलं, की एकाच मालकाचं दुकान आहे, मालक वारले, आणि त्यानंतर त्यांच्याच नावानं पॉलिसी निघाली, तर ती चालते का?

"अहो हलकुडे, वारलेल्या माणसाशी आम्ही करार कसा करणार?" बाई म्हणाल्या. "कुणी पडलं तर आमचा वकील आधी नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला काढून आणेल. मग त्या पडलेल्याच्या बायकोनं वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारायच्या. कुणाची आहे पॉलिसी?"

"नंतर सांगतो," म्हणून मी फोन ठेवला.

वैजनाथ पुढे वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, बाबा गेले हे या कारखान्यात कुणाला माहीत आहे? फक्त तुम्हाला. तुम्ही बोलला नाहीत तर हा कागद चोख आहे."

तेही खरं होतं. हा दाखला दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेला असता तर पास झाला असता, आणि त्याला कुणी बोल लावला नसता. मी मात्र जावई होतो. मला माहीत होतं.

"पास होणार नाहीत, वैजू. दुकान तुझ्या नावावर करून घे. मामींची आणि महानंदाची संमती लागेल, दोघींच्या सह्या आण. मी इथली ऑर्डर तुझ्या नावानं बदलून घेतो. मग तुझ्या नावानं विमा काढ."

"अक्का सही करेल. आई करणार नाही. वर्षाच्या आत तर नाहीच नाही."

"मग काम दुसऱ्याला जाईल."

"बाबा गेल्यानंतरचं हे पहिलं मोठं काम आहे माझं."

"माहीत आहे मला."

तो उठला. दाखला तिथेच ठेवून निघून गेला.

दुपारी आमचे मॅनेजर बोधनकर साहेब टेबलापाशी आले.

"हलकुडे, छप्पर उद्यापासून ना?"

"थोडे दिवस द्या साहेब. उटग्यांच्या विम्यात अडचण आहे."

"मुदत संपली?"

"नाही."

"शिक्का नाही?"

"शिक्का आहे."

"मग अडचण तुम्हालाच आहे," ते म्हणाले. "सोयाबीन काही तुमच्यासाठी थांबणार नाही. सोमवारपर्यंत बघतो, नाही तर दुसऱ्याला बोलावतो. आणि तो मेव्हणा ना तुमचा? मेव्हण्याशी असं वागता, तर आमचं काही खरं नाही."

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा महानंदा भाकरी करत होती. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वैजूचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"दाजींनी बाबांना दुसऱ्यांदा मारलं म्हणाला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"तव्यावर भाकर आहे म्हणाले आणि ठेवला."

तिनं भाकरी उलटली. मी सगळं सांगितलं. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबा गेल्याचं तिथं कुणाला माहीत नाही, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं."

"कुणी पडेपर्यंत चाललं असतं."

"चढणार कोण कोण आहेत?"

"वैजूची नेहमीचीच. औशाचीच माणसं."

"मैनाचा नवरा पण?"

"तोच तर पुढे असतो. पत्रे काढण्यात त्याचाच हात चालतो."

मैना तिची लहानपणची मैत्रीण. उटग्यांच्या घरामागेच तिचं माहेर आणि सासरही त्याच गल्लीत. महानंदानं शेवटची भाकरी फुगेपर्यंत बघितली, टोपल्यात टाकली आणि गॅस बंद केला.

"मी उद्या औशाला जाऊन येते."

"कशाला?"

"सह्या पाहिजेत ना?"

"मी येतो बरोबर. मामींना मी समजावून सांगतो."

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "तुम्ही कामावर जा."

आमच्या मुलांना तिनं शेजारच्या काकूंकडे जेवायला सांगून ठेवलं आणि सकाळच्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. संमतीच्या कागदावर तिची सही होती आणि खाली सासूबाईंचा अंगठा.

"दिला त्यांनी?"

"दिला."

"काही बोलल्या?"

"बोलायचं ते बोलली."

औशाहून येताना एरवी तिची पिशवी उचलवत नसे. शेंगा, चिंच, जोंधळ्याच्या लाह्या, वर एखादा भोपळा. त्या दिवशी पिशवीत कागदांशिवाय काही नव्हतं. मी कागद काढून घेतले आणि ते सगळे बरोबर आहेत का ते बघत बसलो.

पुढचं सगळं झालं. वैजनाथनं दुकान आपल्या नावावर करून घेतलं. मी बोधनकर साहेबांना मामा गेल्याचं सांगून कामाची ऑर्डर बदलून घेतली. वैजनाथनं नवा विमा आणला. तो मी पहिल्या ओळीपासून वाचला, जेवळीकर बाईंना फोन करून विचारलं आणि पास बनवले. मैनाचा नवरा सगळ्यात आधी छपरावर चढला. सोयाबीन यायच्या आत छप्पर झालं आणि कुणीही पडलं नाही.

मला वाटत होतं की औशात आता माझं तोंड बघणार नाहीत. दिवाळीला मी जरा बिचकतच गेलो. सासूबाईंनी नेहमीसारखं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, "जावईबापू, घ्या" म्हणून ताटात आग्रहानं वाढलं. वैजनाथही मोकळेपणानं बोलला. मला वाटलं, सासूबाई समजूतदार आहेत. त्यांना माझं म्हणणं पटलं असेल. बाहेर कधी विषय निघाला तर मी लोकांना हे सांगायचोसुद्धा, की बाई शिकलेली नाही, पण काय ते तिला बरोबर कळलं.

महानंदा त्या दिवाळीला आली नाही. धाकट्याला ताप आहे म्हणाली. पंचमीला सगळ्या लेकी माहेरी जातात, पुढच्या वर्षी तेव्हाही ती गेली नाही. मुलांच्या शाळा असतात म्हणाली. त्यानंतर गुडघे दुखू लागले. मग सून आली, घरी कुणीतरी पाहिजे. मला वाटलं, माणसाचं आपल्या संसारात मन रमलं की माहेर कमी होतं. मी औशाला जाऊन आलो की ती विचारायची, आई कशी आहे, काय घातलं होतं जेवायला, मागच्या परसातलं चिंचेचं झाड आहे का अजून. मी सांगायचो. ती ऐकायची.

मागच्या माघात ती गेली. हृदय कमजोर झालं होतं, पाय सुजायचे, चार पावलं चाललं की धाप लागायची. सवाष्ण गेली की माहेरची साडी लागते. ती वैजनाथ घेऊन आला. हिरवी होती. दुकानातली घडीही मोडलेली नव्हती आणि वर किमतीची चिठ्ठी तशीच होती. माझ्या सुनेनं ती काढून टाकली. सासूबाई आल्या नाहीत. त्यांचं वय झालं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

शिवगणाराधना, म्हणजे दिवसांचं जेवण, झाली, पाहुणे पांगले, त्या दुपारी मी आणि वैजनाथ ओसरीवर बसलो होतो. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. लातूर जिल्ह्यात कुणालाही शेड बांधायची असली की त्याचंच नाव पुढे येतं.

"आई आली नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका दाजी," तो म्हणाला.

"या वयात त्यांना प्रवास कसा झेपणार?"

"वयाचं नाही ते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता.

"त्या विम्याच्या वेळचं आहे," तो म्हणाला. "आई तुमच्यावर पेटली होती. मीच पेटवली होती खरं म्हणलं तर. अक्का आली तेव्हा आई तिला म्हणाली, तुझ्या नवऱ्याला या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही. अक्का म्हणाली, त्यांच्यावर कशाला रागावतेस, ते तर पास करायलाच निघाले होते. मी त्यांना करू नका म्हणले."

"असं म्हणाली?"

"मी तिथंच उभा होतो."

"तुला माहीत होतं मी आधीच नाही म्हणालो होतो."

"माहीत होतं की."

"मग बोलला नाहीस?"

"आई अंगठा द्यायला लागली होती, दाजी. मला काम पाहिजे होतं." तो म्हणाला. "अंगठा दिला आणि आई म्हणाली, बापाचं नाव पुसायला आलीस, आता हे घरही पुसून टाक. परत येऊ नको. मला वाटलं रागात म्हणाली, महिनाभरात विसरेल. अक्का नाही आली, आईनं नाही बोलावलं. मी मधून मधून आईपाशी विषय काढायचो. ती उठून जायची."

"आणि साडी?"

"येताना रस्त्यात घेतली."

 

चैत्रात मी औशाला गेलो. महानंदा गेल्यानंतर पहिल्यांदाच. सासूबाई मागच्या दारी चिंच फोडत बसल्या होत्या. पाठीला पोक आला आहे, पण हात चालतात. मला बघून म्हणाल्या, "या जावईबापू," आणि नातसुनेला पाणी आणायला सांगितलं. मी समोर बसलो. काय बोलायचं ते मी एसटीतच ठरवून घेतलं होतं, म्हणून लगेच बोललो.

"मामी, त्या विम्याच्या कागदाला मीच नाही म्हणालो होतो. महानंदानं मला नाही म्हणायला सांगितलं नव्हतं. ती तुमच्यापाशी खोटं बोलली. माझं या घरातलं येणं-जाणं तुटू नये म्हणून."

त्यांनी एक चिंच फोडली, चिंचोका काढून बाजूला टाकला.

"कोण सांगितलं?"

"वैजनाथनं."

"लईच लवकर सांगितलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तिच्यावर राग धरला. तो माझ्यावर धरायला पाहिजे होता. ते सांगायला आलो."

त्या चिंच फोडत राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा सांगणार होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "त्या साली कुणी पडलं का वो पत्र्यावरून?"

"नाही. कुणीच नाही."

"पुढं कधी?"

"वैजनाथच्या कामावर तर नाही."

"म्हंजे इमा लागलाच न्हाई."

"नाही लागला."

"मैनाचा नवरा अजून हाय. सकाळी इथूनच गेला, शेळी घेऊन." त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. "जावईबापू, वैजूनं तुमाला सगळं सांगितलेलं न्हाई. तो नुसता अंगठ्याकडं बघत होता, त्याला काय ऐकू जाणार? ती मला म्हणली, आई, मैनाचा नवरा पडला तर मैना कुणाच्या दारात जाईल? तुझ्याच. मग तू तिला काय देशील, बाबांची पाटी? असं म्हणली मला. ह्यांना जाऊन सा महिने न्हाई झाले आणि माझ्या पोटची पोरगी माझ्यासमोर उभं राहून असं म्हणली."

मी पायाशी पडलेला एक चिंचोका उचलून बाजूला टाकला.

"हे काय तुमच्यासाठी म्हणली का ती? तुमच्यासाठी म्हणून ते पासाचं खोटं बोलली असंल. पर हे बोलणं तिचं सोताचं होतं. आणि ते खरं होतं, म्हणून मला लागलं. मी रागावले ते तिच्यावरच, आणि ते ह्या बोलण्यावरून."

"मग परत बोलावलं का नाही, मामी?"

"येईल म्हणलं. पंचमीला येईल, दिवाळीला येईल. बोलवायचं काय त्यात, तिचंच घर हाय." त्यांनी पदरानं हात पुसले. "ती म्हणत असंल, आई बोलवंल."

नातसून पाणी घेऊन आली. मी प्यालो. ती आत गेल्यावर मी म्हणालो, "तरीसुद्धा, चूक माझ्यामुळे..."

"ते माझं आणि तिचं हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यात तुमी येऊ नका."

त्यांनी पुन्हा चिंच हातात घेतली, पण फोडली नाही.

"शेवटी शेवटी भाकर जात होती का तिला?"

"नाही. आंबील घ्यायची थोडी."

"जोंधळ्याची?"

"जोंधळ्याची. ताक घालून, पातळ."

"कोण करून देत होतं?"

"सून करायची. रात्रीची मी करायचो."

"मीठ?"

"डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं."

"मग तिला ती कशी गेली असंल?" त्या म्हणाल्या. "तिला मीठ जरा जादाच लागतं. ल्हानपणापासून तसंच हाय."

"मी घालायचो थोडं," मी म्हणालो. "डॉक्टरांना न सांगता. सुनेलासुद्धा माहीत नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.